राष्ट्राला हवा असलेला माणूस

अमेरिकेत कायमचं राहायचं तर माणूस कुणाला तरी हवा असावा लागतो. कंपनीला हवा असला तर कंपनी कागद भरते, बायकोला हवा असला तर बायको भरते. फरामर्ज यूसुफी या दोन्ही खात्यांत कोरा होता. विद्यापीठ त्याला दोन-दोन वर्षांच्या करारावर ठेवत होतं, म्हणजे हवाही आणि नकोही. बायकोचं म्हणाल तर तिथे नकार यावा इतपतही कधी मजल गेली नव्हती. अशा माणसासाठी कायद्यानं तिसरी वाट ठेवली आहे. कुणा एकाला नसलात हवे, तरी सबंध राष्ट्राला हवे आहात एवढं सिद्ध करा, म्हणजे मालक दाखवण्याची अट माफ. राष्ट्राची वस्ती तेहेतीस कोटींच्या घरात. आपल्याकडे तेवढे देव; पण त्यातला एखादा प्रसन्न झाला तरी आपलं भागतं. इथे सगळे एकदम व्हावे लागतात, आणि तेही लेखी.

फरामर्ज मूळचा इराणातल्या यझ्दचा, वय छत्तीस. नेब्रास्कात येऊन त्याला नऊ वर्षं झाली होती. येतानाचा व्हिसा एकदाच आत सोडणारा होता. बाहेर पडलास तर परत येशील याची हमी नाही, असा त्याचा अर्थ, त्यामुळे नऊ वर्षांत तो घरी गेला नव्हता. आईशी दर रविवारी फोनवर बोलायचा. ती विचारायची, जेवलास का. तो म्हणायचा, जेवलो. बहुतेक वेळा ते खरं असायचं.

त्यानं एक पेटी बनवली होती. डब्याएवढी. खेड्यापाड्यांतल्या जुन्या पुलांचे खांब लाकडाचे असतात आणि ते बाहेरून धडधाकट दिसत आतून कुजतात. ही पेटी पुलाखाली ठोकून ठेवायची. वरून गाडी गेली की पूल थरथरतो, त्या थरथरीवरून कुठला खांब आतून पोकळ झालाय ते पेटी सांगते. विद्यापीठापासून सत्तर मैलांवरच्या बेल्डन काउंटीनं आपले पूल त्याला प्रयोगासाठी दिले होते. दर मंगळवारी तो तिथे जायचा आणि काउंटीच्या पुलांचा मुकादम वर्नन कुचेरा याच्या गाडीतून पूल-पूल हिंडायचा. वर्नन चौसष्टचा. अडतीस वर्षं तो पुलाखाली वाकून खांबांवर हातोडा मारत आणि आवाज ऐकत आला होता. पेटीला ऐकायला त्यानंच शिकवलं. तो ठोकायचा, सांगायचा, "हा चांगला, हा मरतोय, हा मेला," आणि फरामर्ज नोंदवून घ्यायचा. असे अकराशे ठोके.

आठवड्यात मंगळवार एकच असतो. उरलेल्या सहा दिवसांत फरामर्ज किती शब्द बोलायचा हे मोजलं असतं तर ते बहुधा पेटीच्या सूचनापत्रिकेपेक्षा कमी भरले असते.

फेब्रुवारीत त्याच्या अर्जावर सरकारचं पत्र आलं. नकार नव्हता, शंका होती. तुमच्या कामात गुण आहे हे मान्य, पण राष्ट्रीय महत्त्व दिसत नाही. सत्त्याऐंशी दिवसांत आणखी पुरावा द्या. ऑगस्टमध्ये करार संपत होता. पुरावा पटला नाही तर ऑगस्टनंतर राहायचं कशाच्या जोरावर, हा प्रश्न होता, आणि गेला तर परत नाही.

त्याची वकील डीना कोवाच हिनं पडद्यावर पत्र उघडून धरलं.

"पान चार वाचा. मोठ्यानं."

फरामर्जनं वाचलं. "'अर्जदारानं स्वतः जोडलेल्या बेल्डन काउंटी मंडळाच्या इतिवृत्तात अर्जदाराचं पुढील निवेदन आहे: हे काहीच नाही. अगदी क्षुल्लक गोष्ट आहे. तुमच्या इथल्या लहानशा पुलांपुरती ठीक. खरं तर सगळं काम श्री. कुचेरा यांचं आहे.'"

"हे तुम्ही म्हणालात?"

"हो."

"का?"

"त्यांनी टाळ्या वाजवल्या."

"लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून तुम्ही सांगितलंत, की हे काहीच नाही?"

"मग काय सांगायचं?"

"थँक यू! जगात सगळीकडे हेच सांगतात, डॉक्टर."

जगात सगळीकडे तसं सांगत नाहीत. यझ्दला तर नाहीच. तिथे कुणी तुमचं कौतुक केलं की ते लगेच खाली ठेवायचं, शेजारच्याच्या पायाशी ठेवलंत तर उत्तम. मग समोरचा ते उचलून पुन्हा तुमच्या हातात देतो, तुम्ही पुन्हा ठेवता, आणि तिसऱ्या खेपेला संकोचानं घेता. याला ते तारोफ म्हणतात. फरामर्जनं मंडळासमोर कौतुक खाली ठेवलं होतं. पण ते उचलून परत देणारं तिथे कुणी नव्हतं. कारकून लोरेन स्टालनं ते तसंच्या तसं टिपून घेतलं, अध्यक्ष म्हणाले "बरं," आणि मंडळ गवत कापण्याच्या ठेक्याकडे वळलं. पहिल्या पानावर आभाराचा ठराव पाहून फरामर्जला इतका आनंद झाला, की त्यानं ते इतिवृत्त अर्जाला जोडून टाकलं. दुसरं पान ना त्यानं वाचलं, ना डीनाच्या कचेरीतल्या कुणी. सरकारी अधिकाऱ्यानं वाचलं. ते लोक दुसरंच पान वाचतात.

त्या रविवारी आईनंतर त्यानं शाहरोखला फोन लावला. शाहरोख त्याचा जुना खोलीसोबती. याच वाटेनं त्याचं ग्रीन कार्ड झालं होतं, आणि आता तो ह्यूस्टनमध्ये राहून फुकट सल्ले देत असे.

"दादाश, तू लेखी तारोफ केलास?" शाहरोख हसून हसून खोकला. "सरकारशी? अरे, मी माझ्या अर्जात लिहिलं होतं की मी नसलो तर या देशाचे नळ कोरडे पडतील. आणि माझं काम काय, तर पंपाच्या वॉशरचं!"

"तुला लाज नाही वाटली?"

"वाटली ना. कार्ड आल्यावर वाटली. आधी कशाला वाटून घ्यायची? हे बघ, सोपं आहे. त्यांना सांग, आमच्यात बोलतात तसं. 'घर तुमचंच आहे' म्हणालं म्हणून कुणी जाऊन नावावर करून घेतं का? फारसीच्या एखाद्या प्राध्यापकाचं पत्र जोड, की इराणी माणूस नम्रपणे खोटं बोलतो."

फरामर्जनं ही युक्ती डीनाला सांगितली. डीनानं डोळे मिटले.

"डॉक्टर, तुम्ही सरकारला लिहून देणार, की तुमच्या तोंडची काही वाक्यं सौजन्याची असतात. अधिकारी पुढचा प्रश्न काय विचारेल? अर्जातली बाकीची वाक्यं कोणत्या जातीची, हाच ना? ते पत्र विसरा. आपल्याला तीन गोष्टी हव्यात. एक, काम तुमचं आहे. ते कुचेराचं काम असेल तर राष्ट्रानं कुचेराला ठेवून घ्यावं, आणि तो तर इथलाच आहे. दोन, ही पेटी कुणा जाणकाराशिवाय चालते, म्हणजे जिथे कुचेरा नाही तिथेही चालते. तीन, दुसऱ्या राज्यांना ती हवी आहे. विचारलं होतं ना कुणी?"

विचारलं होतं. मिसिसिपीच्या रस्ते खात्यातल्या ओडेसा ट्रिपलेट नावाच्या इंजिनियर बाईंनी दोन वर्षांपूर्वी पत्र पाठवलं होतं, आमच्याकडे असे साडेतीन हजार पूल आहेत, तुमची पेटी चालेल का? फरामर्जनं उत्तर दिलं होतं, माझं काम आपल्या योग्यतेचं नाही, आपण उगाच तसदी घेऊ नये. बाईंनी तसदी घेतली नाही. दुसऱ्यांदा पत्र येईल म्हणून त्यानं चार महिने वाट पाहिली होती.

अशी वाट त्यानं या देशात किती ठिकाणी पाहिली याचा हिशोब मांडला तर मोठा भरेल. पहिल्या वर्षी वर्ननच म्हणाला होता, "डॉक, थँक्सगिव्हिंगला घरी ये, टर्की आहे." फरामर्ज म्हणाला, "छे छे, तुम्हाला कशाला त्रास." वर्नन म्हणाला, "बरं." इथे विषय संपला. सणाच्या त्या गुरुवारी फरामर्ज आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, पिस्त्यांचा डबा शेजारी ठेवून दुपारी तीनपर्यंत फोनपाशी बसला होता. दुसऱ्यांदा विचारतील, अशी त्याची खात्री होती. पाचला त्यानं पिस्ते खाल्ले.

"आणखी एक," डीना म्हणाली. "ही पेटी कधी असं काही पकडते का, जे माणसाच्या कानाला कळलं नव्हतं? एखादा खांब? असा एक प्रसंग जरी असला ना, तरी मला बाकी काही नको."

"नाही," फरामर्ज म्हणाला.

हे खोटं होतं. दीड वर्षापूर्वीच्या ऑक्टोबरात एकेचाळीस नंबरच्या पुलाचा तिसरा खांब पेटीनं पोकळ सांगितला. सप्टेंबरात वर्ननने त्याच खांबाला हातोडा मारून वहीत 'ठणठणीत' लिहिलं होतं. त्या पुलावरून रोज सकाळी शाळेची बस जायची. फरामर्ज दिवसभर विचार करत राहिला आणि मग वर्ननला म्हणाला, "पेटीचंच काहीतरी चुकतंय असं दिसतं. तुम्ही एकदा बघता का?" वर्ननने ड्रिल लावलं. ते लोण्यात शिरावं तसं आत गेलं. वर्ननने त्याच आठवड्यात नवा खांब घातला आणि कागदावर 'नेहमीची दुरुस्ती' असं लिहिलं. फरामर्जनं आपल्या निबंधातून एकेचाळीस नंबरचा पूलच वगळून टाकला. राष्ट्रीय महत्त्वाचा जो एकमेव नगद पुरावा त्याच्यापाशी होता, तो त्यानं एका मुकादमाची अब्रू झाकायला वापरला होता, आणि याबद्दल मुकादमाशी त्याचा एक शब्दही झाला नव्हता.

ट्रिपलेट बाईंना त्यानं पुन्हा लिहिलं. या वेळी तीन ओळींत, 'काम चांगलं आहे, तुमच्याकडे चालेल' असं. ती तीन वाक्यं लिहायला त्याला एक सबंध शनिवार लागला. बाईंचं पत्र आठवड्यात आलं. मग तो बेल्डनच्या कचेरीत लोरेन स्टालकडे गेला.

लोरेनच्या टेबलावर बशीत कोलाचे होते, जर्दाळू भरलेले गोड पाव. "घ्या," ती म्हणाली.

"नको, नको."

"बरं," म्हणत तिनं बशी बाजूला सरकवली. "बोला."

"मागच्या वर्षीच्या मार्चच्या इतिवृत्तातलं माझं एक वाक्य काढता येईल का?"

"तुम्ही म्हणाला होतात ते."

"म्हणालो होतो. पण तसा अर्थ नव्हता."

"अर्थ लिहायची मला परवानगी नाही," लोरेन म्हणाली. तिच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. सव्वीस वर्षं ती हे काम करत होती. "लोक इथे काय काय बोलतात, डॉक्टर. मी अर्थ लिहायला लागले तर निम्मी काउंटी तुरुंगात जाईल. तुम्हाला नवं काही सांगायचं असेल तर पुढच्या मंगळवारी नऊ वाजता या. नागरिकाला तीन मिनिटं मिळतात. तुम्ही नागरिक नाही, पण मिनिटं देतील. ते लिहीन मी."

लोरेन अर्थ लिहीत नसली तरी बोलायला तिला कुणी बंदी केली नव्हती. त्या मंगळवारी सकाळी आठ वाजता फरामर्ज वर्ननच्या गाडीत चढला, तेव्हा वर्ननने रेडिओ बंद केला.

"लोरेन म्हणते, तू ते वाक्य खोडायला आला होतास."

"हो."

"सगळं काम कुचेराचं, ते?"

"हो."

"म्हणजे ते खरं नव्हतं."

"खरं..." फरामर्जनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्याजोगं काही नव्हतं, कापलेला मका होता. "आमच्याकडे तसं म्हणतात. समोरच्याचा मान ठेवायला."

"हां. तुमच्याकडे म्हणतात." वर्ननने गाडी फाट्याला वळवली. "मी ते पान शेडमध्ये लावलंय, डॉक. वर्ष झालं. पोरं येता-जाता चिडवतात, काय शास्त्रज्ञ! अडतीस वर्षांत काउंटीनं माझ्याबद्दल कागदावर लिहिलेलं ते एकच वाक्य."

"ते अर्धं खरं आहे," फरामर्ज घाईनं म्हणाला. "तुमच्या कानाशिवाय—"

"आता पुरे कर," वर्नन म्हणाला. रागानं नाही. "आता मला कळत नाही ना, यातलं कुठलं म्हणायचं म्हणून आहे."

गाडी कचेरीपुढे थांबेपर्यंत दोघं रस्त्याकडे पाहत बसले. फरामर्जच्या डोक्यात हजार वाक्यं आली. सगळी सौजन्याची होती. सौजन्य वगळून बोलायची त्याला सवयच नव्हती, आणि या एका माणसाशी बोलायला आता तेच हवं होतं.

मंडळाचे सातही सभासद कॉफीचे पेले घेऊन बसले होते. वर्नन नेहमीसारखा मागच्या भिंतीला टेकून, टोपी हातात धरून उभा राहिला. डीनानं लिहून दिलेला कागद फरामर्जनं उघडला. पहिलं वाक्य होतं, या यंत्राची कल्पना, रचना आणि गणित माझं आहे. ते त्यानं वाचलं. लोरेनचं पेन चाललं. तिसरी गोष्ट, मिसिसिपीची, ती त्यानं मधेच उरकून टाकली, म्हणजे दुसरी टळेल अशा बेतानं. पण दुसरी तिथेच होती. 'हे यंत्र चालवायला अनुभवी तपासनिसाची गरज राहत नाही.' आठ साधे शब्द. त्यानं मान वर केली. वर्नन टोपीची कड फिरवत होता.

"हे यंत्र," फरामर्ज म्हणाला, "अनुभवी तपासनिसाला... थोडीफार मदत करतं."

अध्यक्ष राल्फ यांनी चष्मा वर केला. "म्हणजे मागे म्हणालात तेच की. कुचेराचं काम, तुमची मदत."

"म्हणजे... एका अर्थानं..."

"एक मिनिट राहिलं," लोरेन म्हणाली.

फरामर्ज उभा राहिला. त्याच्याकडे एक मिनिट होतं आणि त्या मिनिटात नऊ वर्षं आणि पुढची सगळी वर्षं होती, हे त्याला नीट माहीत होतं. त्यानं कागदाची घडी घातली. "आभारी आहे," एवढंच म्हणून तो खाली बसला. राष्ट्राला तो हवा आहे की नाही ते राहू द्या, त्या मिनिटात त्याला स्वतःलाही तो फारसा हवासा वाटला नाही.

"मला तीन मिनिटं हवीत," मागून वर्नन म्हणाला.

"वर्न, तू नोकर आहेस काउंटीचा. हवं तेव्हा बोल."

"नोकर म्हणून नाही. नागरिक म्हणून. लोरेन, लिही." तो पुढे आला नाही, भिंतीपासूनच बोलला. "एकेचाळीस नंबरचा पूल. खांब तिसरा. सप्टेंबरात मी ठोकला, ठणठणीत लिहिला. ऑक्टोबरात याच्या पेटीनं सांगितलं पोकळ आहे. ड्रिल घातलं, नऊ इंच पोकळ निघाला. मला ऐकू आलं नाही. पेटीला आलं. हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि यानंही नाही."

कॉफीचा एक पेला कुणीतरी खाली ठेवला.

"एकेचाळीसवरून बस जाते, वर्न," राल्फ म्हणाले. त्यांची नात त्या बसमध्ये असायची.

"रोज. सात बावन्नला."

"आणि तू 'नेहमीची दुरुस्ती' लिहिलंस."

"लिहिलं. आणखी एक लिही, लोरेन. पेटीला माझी गरज होती, शिकेपर्यंत. आता नाही. मी गेले वर्षभर तपासतोय, तिला नाही गरज. ती कुठेही चालेल, जिथे कुणीही नाही तिथे. झालं माझं. किती मिनिटं झाली?"

"एक," लोरेन म्हणाली. तिनं पान उलटलं.

फरामर्ज उठून म्हणाला, "मला यावर काही सांगायचंय, श्री. कुचेरा यांच्यासारखा—"

"तुमची वेळ संपली, डॉक्टर," अध्यक्ष म्हणाले.

ते इतिवृत्त लोरेननं शिक्का मारून दिलं. डीनानं ते वाचलं आणि फोनवर पहिल्यांदाच आवाज चढवला. "मी तुम्हाला विचारलं होतं! तुम्ही 'नाही' म्हणालात!"

"हो."

"तोही मान ठेवायला?"

"हो."

"डॉक्टर, तुमच्यासारखा अशील मला पुन्हा मिळू नये," ती म्हणाली, आणि ते पान तिनं पुराव्यांच्या थप्पीत सगळ्यांत वर ठेवलं. फरामर्ज म्हणाला, हे नाही वापरलं तर? डीना म्हणाली, अर्ज तुमचा आहे, ठरवा. त्याला दोन दिवस मिळाले. पहिल्या दिवशी त्यानं वर्ननला विचारायला फोन लावला. वर्नन म्हणाला, "ते तुझ्यासाठीच बोललो. वापरणार नसशील तर मी उगाच बोललो असं होईल." दुसऱ्या दिवशी फरामर्जनं होकार कळवला. हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढे तो स्वतःला अनेकदा सांगायचा की वकिलानंच वापरलं.

मे महिन्यात काउंटीनं वर्ननला मुदतीआधी निवृत्त केलं. निरोप दिला, केक कापला, काढलं असं कुणी म्हटलं नाही. फरामर्जला त्याचा पत्ता लोरेनच्या बोलण्यातून लागला, केक संपल्यावर आठवड्यानं.

जूनच्या एका गुरुवारी अर्ज मंजूर झाल्याचं कळलं. पडद्यावर एक ओळ बदलली, एवढंच. सरकार नाकारताना पानंच्या पानं कारणं देतं, मंजूर करताना एकही देत नाही. त्यामुळे आपण राष्ट्राला नेमके कशासाठी हवे आहोत हे फरामर्जला कधीच कळलं नाही. प्रयोगशाळेत चार मुलं कानात यंत्रं घालून बसली होती. त्यातल्या एकाला त्यानं सांगितलं. "अरे वा," तो म्हणाला आणि कानातलं यंत्र काढून पुन्हा एकदा म्हणाला, "अरे वा." शाहरोखनं नाचणाऱ्या माणसाचं चित्र पाठवलं. आईला त्यानं सांगितलं की कार्ड हातात यायला आणखी वर्ष जाईल, मग येईन. आई रडली आणि मग तिनं विचारलं, जेवलास का.

वर्ननला त्यानं फोन केला.

"मिळालं?"

"मिळालं."

"छान झालं, डॉक. आता जाशील घरी."

"पुढच्या वर्षी. तुम्ही कसे आहात?"

"मजेत," वर्नन म्हणाला.

नऊ वर्षांपूर्वी फरामर्जनं हा शब्द जसाच्या तसा घेतला नसता, आताही घेतला नाही. त्यानं पुन्हा विचारलं, "खरंच?" "मजेत आहे, म्हटलं ना," वर्नन म्हणाला, आणि फोन ठेवला.

बेल्डनला आता नवा मुकादम होता, टकर नावाचा, वय एकोणतीस. तो पुलाखाली वाकत नसे. पेट्यांची नोंद त्याच्या फोनवर यायची, तीच फरामर्जच्याही पडद्यावर यायची. टकर विनयशील होता, डॉक्टर यूसुफी म्हणायचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं कळवलं, की आपण आता सत्तर मैल यायची काहीच गरज नाही, सगळं इथूनच दिसतं. पेटी वर्ननशिवाय चालते हे राष्ट्राला पटवून झालं होतं. ती फरामर्जशिवायही तितकीच छान चालत होती. हा मुद्दा अर्जात कुणी घातला नव्हता.

मंगळवारी सकाळी त्याला करायला काही नसे. तो पडद्यावर थरथरी पाहत बसायचा. कुठली दुधाच्या टँकरची, कुठली रिकाम्या ट्रकची, हे त्याला आता नुसतं पाहून कळायचं. जुलैत त्याच्या लक्षात आलं, की गेले तीन मंगळवार नवाच्या सुमारास एकेचाळीस नंबरवर एक हलकी गाडी येते, मधोमध थांबते, दहा-बारा मिनिटं तशीच उभी राहते आणि जाते. असं काही वेगळं दिसलं तर टकरनं शेरा लिहायचा असे. त्यानं तिन्ही वेळा लिहिलं होतं, 'अनोळखी वाहन'.

फरामर्जनं वर्ननला फोन केला नाही. काय विचारणार? पुढच्या मंगळवारी सातलाच तो निघाला. पावणेनऊला तो पुलाच्या मधोमध गाडी उभी करून आत बसला होता. खाली ओढ्याला घोटाभर पाणी होतं. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. काय म्हणायचं ते त्यानं सत्तर मैल घोकलं होतं. एकच वाक्य होतं, आणि त्यात कुणाचाही मान ठेवलेला नव्हता. दहाच्या सुमाराला दुधाचा टँकर आला. वाट द्यायला फरामर्जनं गाडी पलीकडे नेली, टँकर गेल्यावर पुन्हा मधोमध आणून लावली. टँकरवाल्यानं चाकावरून दोन बोटं उचलून दाखवली, इथे सगळ्यांनाच दाखवतात तशी. अकरापर्यंत दुसरं कुणी आलं नाही.

संध्याकाळी त्यानं नोंद उघडली. एकेचाळीस नंबर, आठ पंचेचाळीस, हलकी गाडी, मधला टँकर वगळता दोन तास पंधरा मिनिटं उभी. खांब सगळे ठीक. शेजारच्या रकान्यात टकरचा शेरा होता, 'अनोळखी वाहन'.